बेटावरची कढी

नाशिक शहरातल्या तमाम लहानथोर मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, गोदावरीच्या पात्रात, तपोवनाच्या बरंच खाली, एक बेट आहे. त्या बेटावर एक पर्वत आहे, एक हत्ती आहे, तीन चौपाट्या आहेत आणि एक राजधानी आहे. यातलं काहीही सरकारी नकाशात सापडत नाही. तो दोष सरकारचा आहे, बेटाचा नाही.

ही घोषणा माझी नव्हे. दिवाळी सरली, नदीचं पाणी उतरलं, की आमच्या तांबट आळीच्या तोंडाशी उभे राहून काका ती करत. दवंडीवाल्याची गरज नसे. काकांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं तरी पलीकडच्या तीरावर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करून बघत. जन्मभर तांब्यावर हातोडा चालवलेला माणूस. आळीतल्या बहुतेक जुन्या कारागिरांचे कान अधू झालेले होते, काकांचे जवळजवळ गेलेच होते, कानाशी ओरडलं तरच थोडंफार पोचे. स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे तो केवढा आहे याची त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती.

कानांचं काम त्यांनी बोटांवर सोपवलं होतं. कुठलीही वस्तू समोर आली की उजव्या हाताच्या पेरांनी तिच्यावर टकटक करायचं, डावा तळवा तिला लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "भरीव आहे." किंवा "पोकळ आहे." हंड्यावर टकटक, फणसावर टकटक, आळीत नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूच्या छातीवरही टकटक. तो भाडेकरू म्हणजे मी. शाळेत मास्तर होतो, अंगात नवा कोट होता. निकाल काय लागला ते तुम्ही ओळखलंच असेल.

गणपतीत आम्ही नाटक बसवलं होतं. शेवटच्या प्रवेशात मी बाण लागून मरत होतो. मरणं मला चांगलं साधायचं, त्यामुळे मी ते जरा लांबवत असे. मांडव अगदी चिडीचूप. पहिल्या रांगेत बसलेले काका शेजाऱ्याच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "मास्तर मरायला फार वेळ लावतो हो!" सगळा मांडव हसला. मी मेलेल्या अवस्थेत हसलो. फक्त काकांना कळेना, एवढ्या दुःखाच्या जागी लोक का हसताहेत. त्यांनी मागे वळून सगळ्यांना दटावलं.

पुढे मूकपट गेले आणि बोलपट आले. सगळी आळी बोलपट बघून आली. काकाही आले. "मला काही फरक वाटला नाही," म्हणाले.

तर हे बेट. कार्तिकात आवळीखाली जेवावं अशी आपली रीत आहे. गावातले लोक कुठल्याही मळ्यात जाऊन ती उरकत, पण आमच्या आळीची आवळी बेटावर होती. पहाटे निघायचं. भांडी आणि म्हाताऱ्या बैलगाडीत, बाकीचे पायी. उताराशी धोतरं खोचून, लुगडी सावरून पलीकडे जायचं. आवळीखाली चुली पेटल्या की स्वयंपाक करणाऱ्या बायका तिथे थांबत आणि उरलेल्यांना काका बेट दाखवायला नेत. दर वर्षी तेच बेट, तेच लोक, पण काका असे दाखवत, जणू आम्ही आगबोटीतून आत्ताच उतरलो आहोत.

पर्वत म्हणजे एक टेकाड. त्यावर चढून काका चारी दिशांना हात करत आणि "इथपर्यंत आपलं" म्हणत. हत्ती म्हणजे काळा खडक. त्यावर टकटक होई. "भरीव आहे." चौपाट्या म्हणजे वाळूचे तीन पट्टे. पहिली पांढरी, दुसरी शिंपल्यांची, तिसरी नुसतीच लांब. आळीतला एकजण मुंबईला जाऊन आला होता. त्याने एकदा काकांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "काका, खरी चौपाटी याच्या शंभरपट मोठी असते!"

"असेल," काका म्हणाले. "तिथलं पाणी पिता येतं का?"

काका ओंजळभर पाणी प्याले.

राजधानी म्हणजे महादेवाचं पडकं देऊळ. देवळापुढे उघड्यावर एक नंदी होता, त्याचा एक कान तुटलेला. "आमच्या आळीतला आहे," असं काका त्याची ओळख करून देत. आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "पाहून घ्या. पुढच्या वर्षी पाणी काय ठेवील, सांगता येत नाही."

आता कढीकडे येतो. हसतहसत येणार होतो, पण इथे पाय जरा जड होतो.

आमच्या आळीचा स्वयंपाक मावशी करत. त्यांचे यजमान काकांच्या शेजारी बसून भांडी ठोकत, ते ऐन उमेदीत वारले. त्यानंतर लग्नामुंजीचा, बारशाचा, आवळीभोजनाचा सगळा स्वयंपाक मावशींकडे आला आणि त्यांचं घर त्यावर चाललं. त्या कमी बोलत. काका त्यांना वहिनी म्हणत, त्या काकांना भावजी. मावशींच्या कढीबद्दल मी इथे लिहीत नाही. जे गेलं ते गेलं.

कढी व्हायची ती आळीच्या मोठ्या तांब्याच्या पातेल्यात. ते काकांनीच घडवलेलं, काकांकडेच असायचं, आणि बेटावर जाण्याआधी त्याला आतून कल्हई करून घेणं हेही त्यांचंच काम. उघड्या तांब्याला ताक लागलं की ते कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की काय होतं हे आपल्याकडे पोरंही जाणतात. तांबटांच्या आळीत तर ते पाळण्यातच शिकवतात.

त्या वर्षी काकांना चौथी चौपाटी सापडली. पावसाळ्यात पुराने बेटाच्या शेपटीला वाळूचा नवा पट्टा आणून टाकला होता. काकांना केवढा आनंद! आम्ही भुकेने कळवळत होतो, पण त्यांनी आम्हाला तिथे नेलं, बसवलं, वाळू मुठीत घ्यायला लावली. परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कढी केव्हाची होऊन पातेल्यात वाट बघत होती. आम्ही भुरके मारले. वाटीवर वाटी घेतली.

आणि मग, वाचकहो, सबंध तांबट आळी पहिल्या चौपाटीवर आडवी झाली. धीरगंभीर माणसं झुडपांकडे पळताना मी पाहिली. मी स्वतः पळत होतो, त्यामुळे सगळंच पाहता आलं नाही. आज हे लिहिताना गंमत वाटते, पण आळीचे म्हातारे पंच संध्याकाळपर्यंत डोळे उघडेनात तेव्हा कोणाला गंमत वाटत नव्हती. दैव बरं म्हणून सगळे वाचले.

गाडीत पंचांना घालताना कोणीतरी काकांना हातवारे करून विचारलं, "कढी कळकली की काय?"

काका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या भांड्यात कळकेल?"

झालं. काकांच्या भांड्यात कळकणार नाही, मग दोष दह्याचा. दही शिळं असणार. सगळ्यांच्या नजरा मावशींकडे वळल्या. मावशी पातेल्याशी राख घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, "माझंच चुकलं."

त्यानंतर मावशींना कोणी बोलावलं नाही. वाईट कोणी बोललं नाही, फक्त लग्नाचा स्वयंपाक बाहेरच्या आचाऱ्याकडे जाऊ लागला. मावशी पळसाची पानं आणून पत्रावळी लावायला लागल्या. ज्या पंगतीत त्यांची आमटी वाढली जायची, त्या पंगतीत आता त्यांच्या पत्रावळी मांडल्या जात. बेटावर कढी बंद झाली. कढी हा शब्दसुद्धा बेटावर कोणी काढत नसे.

मावशी मात्र दर वर्षी येत, कारण काका त्यांना घेऊन येत. आणि आता आम्हा निरीक्षकांना एक नवीनच दृश्य दिसू लागलं. काका मावशींचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे. उताराशी आधी पाण्यात उतरून त्यांच्यासाठी दगड चाचपडायचे. आवळीची सगळ्यांत दाट सावली त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. त्यांच्या घरचं प्रत्येक भांडं नेऊन पोचे काढून, कल्हई करवून आणून द्यायचे. मावशी म्हणायच्या, "भावजी, परवाच तर केली होती!" काकांना ते ऐकू यायचं नाही, किंवा यायचं.

आळीने काय अर्थ काढला असेल? जो तुम्ही काढला असता तोच. पिंपळाच्या पारावर त्यावर बरंच चर्वण झालं. एकाने तर काकांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काका, मावशींचं गाठोडं तेवढं उचलता. आमचं पण उचला की!"

काकांनी त्याच्या गाठोड्यावर टकटक केली. "पोकळ आहे," म्हणाले आणि चालू लागले.

पण मला एक गोष्ट खटकायची. माणूस प्रेमात असला की तोंडावर थोडा तरी उजेड असतो, मी नाटकात एवढी प्रेमं केली आहेत. काका मावशींसाठी काही करायचे तेव्हा त्यांची मान खाली असे. मावशींच्या ओठांवर "बरं झालं, भावजी" दिसलं की ते असे दचकत, की जणू चटका बसला. आणि चौथ्या चौपाटीकडे ते आम्हाला पुन्हा कधी घेऊन गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तीनच आहेत, मास्तर."

अशी काही वर्षं गेली. मग तो कार्तिक आला.

बेट बघून आम्ही राजधानीत पोचलो होतो. आवळी देवळाच्या मागेच. मंडळी सावलीला पसरली होती, कोणी आवळे मिठाला लावून खात होतं, मावशी एका बाजूला पत्रावळी पुसत होत्या. काका म्हणाले, "तुम्ही बसा, मी नमस्कार करून येतो," आणि देवळाच्या पुढच्या बाजूला गेले. मध्ये पडकी भिंत होती, पण वरच्या फटीतून मला ते दिसत होते. ते महादेवापुढे गेलेच नाहीत. नंदीजवळ उकिडवे बसले. नंदीच्या कानात सांगितलेलं महादेवापर्यंत पोचतं, तुम्हीआम्ही सगळेच लहानपणी सांगत आलो. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, नंदीच्या उरलेल्या कानाला तोंड लावलं, बाजूने तळहाताचा आडोसा केला आणि कुजबुजले.

गाडीचे बैल चारा खायचे थांबले.

"नंदीबाबा, त्या पातेल्याची कल्हई गेली होती. मला ठाऊक होतं."

एकाच्या हातातला आवळा तसाच तोंडापाशी राहिला.

"कल्हईवाला येवल्याला लग्नाला गेला होता. म्हटलं, एक दिवस काय होतंय. वर मीच सगळ्यांना त्या वाळूवर बसवून ठेवलं. कढी तिथं कळकत राहिली. आणि मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या भांड्यात कळकेल? वहिनीचं नाव गेलं. ती एक शब्द बोलली नाही. दादा माझ्या शेजारी बसायचा रे, नंदीबाबा. त्याच्या बायकोला मी पत्रावळी लावायला बसवलं. आळीत सांगायला जातो तर जीभ उचलत नाही. म्हणून तुला सांगितलं. महादेवाला सांग." आणि मग, आणखी जपून, "बाकी कोणाला कळू देऊ नकोस."

पलीकडच्या तीरावर एक गुराखी उभा राहून आमच्याकडे बघत होता.

कोणीही हसलं नाही. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचा हात पत्रावळीवर थांबला होता. चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता त्या उठतील, भिंतीला वळसा घालून पुढे जातील, आणि एवढ्या वर्षांचं काय ते एकदाच बोलतील. त्या उठल्या नाहीत. पुन्हा पत्रावळी पुसू लागल्या, तीच ती.

पंचांनी, ज्यांचे त्या दिवशी डोळे उघडत नव्हते त्यांनी, ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांकडे एकदा फिरून पाहिलं. तो आळीचा ठराव होता. त्यावर चर्चा झाली नाही.

काका भिंतीला वळसा घालून आले. डोळे पुसलेले दिसत होते. आम्ही सगळे एकदम आवळ्यांविषयी बोलू लागलो. काकांना आमचे ओठ हलताना दिसले, ते निश्चिंत झाले. "मी काही मागितलं नाही," कोणी विचारलं नसताना ते म्हणाले. "नुसता हात जोडून आलो."

पुढच्या महिन्यात पंचांच्या नातीचं लग्न होतं. आचारी ठरलेला होता. पंच स्वतः मावशींच्या दारात गेले आणि म्हणाले, "बाई, स्वयंपाक तुम्ही करायचा. आळीचं चुकलं." मावशी बराच वेळ नको नको म्हणत राहिल्या. एवढं मन वळवावं लागेल असं पंचांना वाटलं नव्हतं. शेवटी त्या कबूल झाल्या. लग्नात काका पंक्तीत बसले आणि आमटीची वाटी हातात घेऊन, ती तोंडाला न लावता, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यात गाठलं. आनंद पोटात मावत नव्हता, पण कारण सांगायची सोय नव्हती. बराच वेळ ते माझ्या कोटाचं बटण फिरवत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, त्या बेटावरच्या नंदीला कान एकच आहे. पण फार चांगला आहे."

"ठाऊक आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मी नाटकात बरं काम करतो. मी आकाशाकडे बोट केलं. काकांनी समजून मान हलवली.

त्या वर्षी आळीत ते वेगळेच वागत होते. गाणी म्हणत. मावशींचं गाठोडं उचलायची वेळ आली नाही, कारण पुढचा कार्तिक त्यांना दिसला नाही. श्रावणात ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि गेले. अखेरच्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्या छातीवर पेरांनी टकटक केली, तळवा लावला, डोळे मिटले. निकाल दिला नाही. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. दोनदा आत आल्या, पाणी पाजलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले आणि तशाच परत गेल्या. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे, आणि घर माणसांनी भरलेलं होतं.

कार्तिकात बेटावर जायचं की नाही यावर आळीत वाद झाला. गेलो. घोषणा मी केली. आवाज आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंतही पोचला नाही. बेट मीच दाखवलं. पर्वतावर चढलो, हत्तीवर टकटक केली, काही कळलं नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, मी मंडळींना चौथ्या चौपाटीकडे घेऊन गेलो. ती नव्हती. पाण्याने ठेवली नव्हती. आम्ही तिथे थोडा वेळ उभे राहिलो आणि परत फिरलो.

आवळीखाली चुली पेटल्या होत्या. पंचांनी सांगून ठेवलं होतं, यंदा कढी होणार, मावशी करणार, आळीच्या त्याच पातेल्यात. काकांनी जाण्याआधी त्याला कल्हई करवून ठेवली होती. गाडीतून ते उतरवलं तेव्हा आत चंद्रासारखं पांढरं होतं.

मावशींनी घुसळलेल्या दह्याचा हंडा उचलला. पातेल्यावर तो वाकवला, पण ओतला नाही. त्या आत बघत राहिल्या. हंडा खाली ठेवला, पदराने पातेल्याचा तळ पुसला, पुन्हा पाहिलं. मग मूठ वळून पेरांनी त्याच्यावर टकटक केली. पातेलं वाजलं. आम्ही सगळे बघत होतो, कोणीतरी हसण्याच्या बेतात होतं.

तेवढ्यात कधीही चढ्या आवाजात न बोललेल्या मावशी, समोर कोणी दूरवर उभं असावं आणि त्याला ऐकू येत नसावं अशा, जिवाच्या आकांताने ओरडल्या,

"भावजी, त्या दिवशी दही ओतायच्या आधी मी आत पाहिलं होतं हो! तळ तांबडा झालेला मला दिसला होता!"